दुसऱ्यांच्या गोलाला टाळी

कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्या एका मावशींमुळे मी भिलाईत टिकले, हे आधी सांगते. थंडीत सकाळी कोणी खोक्यांची लाकडं पेटवली, की त्या धुराच्या वासाने मला भिलाईजवळच्या जामुलचं ते मैदान आठवतं. आठवीतच शाळा सुटलेली मी, एकोणिसाव्या वर्षी यवतमाळहून इथल्या कारखान्यात लागले होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सुपरवायझर साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते. त्या सकाळी जामुलच्या मैदानावर आमच्या कारखान्याच्या टीमची फुटबॉलची सेमीफायनल होती, म्हणून सगळे धुक्यात शेकोटीभोवती उभे. थंडी एवढी, की खेळणाऱ्यांनी जर्सीवर स्वेटर चढवले होते आणि कोण कुठला ते कळत नव्हतं. आमचा पहिला गोल डावीकडच्या जाळीत झाला. हाफटाइमनंतर पुन्हा तिकडेच गोल झाला, तशी मी जोरात टाळ्या वाजवल्या. हाफटाइमला टीम बाजू बदलतात, म्हणजे हा गोल समोरच्यांचा, हे मला माहीतच नव्हतं. "ही कोणाच्या गोलाले टाळ्या वाजवून राहिली?" साहेबांनी वळून विचारलं. तेवढ्यात शेजारी उभ्या मावशींनीही टाळ्या वाजवल्या. "गोल चांगला होता, साहेब. तुमी मफलरातून पाहून राहिले, तुमाले काय दिसन?" लोक हसले, मग साहेबही हसले. सामना आम्ही हरलो, मी मात्र कामावर राहिले. मावशींचे नीट आभार मानणं अजून जमलेलं नाही. पण कधी चारचौघांत त्या एकट्या पडल्या, तर त्यांच्या बाजूने पहिली मी बोलेन.