अर्धे प्राचार्य आणि घडीकाका

घडीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गातलं कॅलेंडर उलटं करून भिंतीवर टांगत होते. म्हटलं, झालं! आम्हाला शिकवायला कॉलेजनं नेमका डोक्यावर परिणाम झालेला माणूस शोधून आणला.

काकांनी चौतीस वर्षं एका दैनिकाचं पहिलं पान लावलं होतं. म्हणजे कुठली बातमी वर, कुठली खाली, फोटो केवढा, मथळ्याचं अक्षर केवढं, हे सगळं ठरवायचं काम. निवृत्त झाल्यावर ते आठवड्यातून दोनदा आम्हा पत्रकारितेच्या पोरांपुढे उभे राहू लागले. हातात पडेल त्या कागदाची मधोमध आडवी घडी घालायची आणि फक्त वरचा अर्धा भाग बघायचा, ही त्यांची खोड, म्हणून घडीकाका. हजेरीपट सुटला नाही, डॉक्टरची चिठ्ठीही सुटली नाही. आणि पान उलटं धरायचे ते वेगळंच. "उलटं धरलं की अक्षरं वाचता येत नाहीत, मग वजन कुठे पडलंय तेवढं दिसतं," म्हणायचे. त्या कॅलेंडरचं वजन म्हणे उजवीकडे पडत होतं.

काकू एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या, तेव्हा आम्ही विचारलं, घरीही असंच का? त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, लग्नाला आठवडा झाला नव्हता, तर मला सोफ्याच्या या टोकावरून उठवून त्या टोकाला बसवलं. का, तर माझं तोंड खोलीबाहेर जातंय! फोटोतल्या माणसानं पानाच्या आत बघावं म्हणतात, ते ठीक आहे. पण मी काय फोटो आहे? पाहुण्यांनाही हलवतात. माझा भाऊ तर आमच्याकडे आला की आता उभाच राहतो." काका शांतपणे म्हणाले, "उभा छान दिसतो तो. एका कॉलमात बसतो."

तर अशा माणसाच्या हाती आमचं पाक्षिक तरणार की बुडणार, हे ठरायचं होतं. पाचशे प्रती छापायचो, फुकट वाटायचो, तरी फाटकाजवळच्या स्टँडवर चारशे तशाच पडून राहायच्या. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "या वेळी दुपारी एकपर्यंत पन्नासहून जास्त प्रती उरल्या, तर पाक्षिक बंद." संपादक मी. माझा जीव टांगणीला लागला, आणि जीव टांगणीला लागला की माझी जीभ जास्तच चालते. सगळ्यांना फैलावर घेतलं आणि रागाच्या भरात पहिलं पान स्वतः लावलं.

आम्ही सात जण, म्हणून पानावर सात बातम्या, सगळ्या अगदी सारख्या आकाराच्या. कुणाची नाराजी नको! फक्त मधोमध मी घेतलेली प्राचार्यांची मुलाखत, मोठ्या फोटोसकट. म्हटलं, स्वतःचा फोटो बघून तरी विरघळतील.

काकांनी पानाची घडी घातली, ते स्टँडवर ठेवलं आणि आम्हाला दहा पावलं मागे नेलं.

"काय दिसतंय?"

घडी बरोबर प्राचार्यांच्या नाकावरून गेली होती. वर नुसतं कपाळ आणि दोन डोळे, तेही पानाबाहेर बघत होते.

"अर्धे प्राचार्य," क्रीडावाला पुटपुटला.

"आणि हे अर्धे प्राचार्य बघताहेत सायकल स्टँडकडे," काका म्हणाले. "वाचकही तिकडेच जाणार. बरं, बातम्या सात. घरात सात जण एकदम बोलायला लागले तर काय ऐकू येतं?"

"मग काय, सहा जणांचे गळे दाबू?" मी तडकले.

"दाबू नकोस, आत बसव." काका आम्हाला आत घेऊन आले आणि माझ्याच खुर्चीत बसले. "मला एक सांगा. काल घरी गेल्यावर आधी काय सांगितलंत? खरं बोला."

क्रीडावाला लाजला. "मी सांगितलं की, आमच्या कॉलेजात मुली बाथरूममध्ये मोठमोठ्यानं गाणी म्हणतात."

फोटोवालीनं तेच सांगितलं होतं. कवीनंही तेच. मीही आईला तेच सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू! मुलींच्या बाथरूमच्या दाराची कडी आठ महिन्यांपूर्वी तुटली होती. आत कुणी आहे हे कळावं म्हणून आम्ही गायचो. जिचा आवाज बरा नाही ती खोकायची. गणिताच्या बाई एकोणतीसचा पाढा म्हणायच्या, आणि पाढा चुकला की बाहेरून मुली दुरुस्त करायच्या.

"मग ही बातमी कुठाय?" काकांनी विचारलं.

होती. पहिल्या वर्षाच्या एका चिमुरडीनं लिहिली होती. इतकी बुटकी आणि गप्प, की आम्ही तिला स्वल्पविराम म्हणायचो. शेवटच्या पानावर, शब्दकोड्याखाली, चार ओळी: कार्यालयात वारंवार सांगूनही कडी बसलेली नाही.

प्राचार्यांना खूश करायला निघालेली मी, आणि पहिल्या पानावर त्यांच्याच कारभाराची कडी? माझी मुलाखत काढायची? तीन वेळा शुद्ध लिहिलेली मुलाखत! मी काकांशी कडाकडा भांडले. रडलेही थोडी. काकांनी घडीचा स्वच्छ रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "पान तुझं आहे. तू ठरव."

ठरवलं. फोटोवालीनं दाराचा फोटो काढला: बंद दार, आणि कडीच्या जागी चार रिकामी भोकं. तो घडीच्या वर, अर्धं पान भरून. मथळा तीनच शब्द: आठ महिने गातोय. खाली स्वल्पविरामचं नाव. माझी मुलाखत पान तीनवर, तिथे प्राचार्य अखेर आत बघत होते.

सकाळी साडेनऊला स्टँड भरला. दहाला गणिताच्या बाईंनी एक प्रत पर्समध्ये कोंबली आणि चार हातात घेतल्या. साडेअकराला स्टँड रिकामा. पोरं एकेका प्रतीवर तिघं-तिघं वाकून वाचत होती. बाराच्या आत सुतार हजर, आणि एक नाही, दोन कड्या बसल्या.

एक वाजता प्राचार्यांचं बोलावणं आलं. मी, काका आणि स्वल्पविराम आत गेलो. टेबलावर आमचा अंक होता. साहेबांचे कान लाल दिसत होते.

"प्रती उरल्या नाहीत. शब्द दिला होता, पाक्षिक चालू राहील," ते म्हणाले. मग ते स्वल्पविरामकडे वळले. "पण बाळा, एवढं मोठं छापायची काय गरज होती? येऊन नुसतं तोंडी सांगायचं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच बोलले.

"साहेब, तोंडी ती आठ महिने सांगत होती."