शेठच्या गाडीचं तेल

"गाडी कोण चालवतं?" गॅरेजवाल्याने विचारलं.

विचारलं पप्पांना. हँडल माझ्या हातात होतं, हेल्मेट माझ्या कोपराला अडकवलेलं होतं, कामोठ्याच्या चढावरून गाडी ढकलत मी आणली होती, आणि तरी तो माझ्या डोक्यावरून पप्पांकडे बघत होता.

"पोरगी चालवती," पप्पा म्हणाले.

"मग बरोबर. लेडीज लोक हाफ क्लच मारतात, काका. बोटं क्लचवरच ठेवून बसतात. प्लेटा जळणारच ना."

त्याने तोपर्यंत गाडीला हातसुद्धा लावला नव्हता.

मोटरसायकलच्या क्लचवर कुणी चार पानं लिहावीत का, हे मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठली गोष्ट लिहिण्याजोगी असते आणि कुठली नसते, हे विचारायलाही घरात कुणी नाही. पण ते "मग बरोबर" आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हणून लिहिते.

पप्पा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहेत. ट्रकमधून सळ्या, पत्रे, पाइप उतरवायचे हे काम. गेल्या वर्षी त्यांचा डावा खांदा धरला आणि क्लच दाबायला हात वर होईना, तेव्हा त्यांनी मला मोटरसायकल शिकवली. स्कूटर नव्हे, गिअरची मोटरसायकल. रविवारी बाजार बंद असतो. मोकळ्या गाळ्यांसमोरच्या रस्त्यावर मी चालवायची आणि ते मागून ओरडायचे, "क्लच सोड हळू, बोटं उचल, बोटं." बोटं उचलणं तर माझ्या अंगातच भिनलं होतं. मग रोजचा क्रम ठरला. सकाळी मी पप्पांना बाजारात सोडायचं, तशीच पुढे कॉलेजला जायचं, दुपारी येताना त्यांना घ्यायचं. रिक्षा, बस, परत रिक्षा, यात पहिलं लेक्चर हमखास बुडायचं. ते बुडेनासं झालं. माझ्यासाठी गाडी म्हणजे हे होतं.

गाडीची देखभालही मीच अंगावर घेतली. एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, ब्रेकचे लायनर आणायला मी कळंबोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जायचे. तिथे सगळे ट्रकवाले. सुरुवातीला काउंटरवरचा माणूस विचारायचा, "कुणी पाठवलं?" मी म्हणायचे, "कुणी नाही." दोन-तीन खेपांनंतर त्याने ते विचारणं सोडलं. दसऱ्याच्या आधी सर्व्हिसिंगसाठी मी दोन्ही फिल्टर घेतले, तेलाचा डबाही काउंटरवर काढून ठेवला होता, तेवढ्यात पप्पांचा फोन आला. "तेल घेऊ नगो. तेलाची सोय झाली."

सोय अशी झाली होती. पप्पा ज्या व्यापाऱ्याचा माल उतरवतात, त्या शेठच्या दोन मोठ्या गाड्या आहेत. दोन्हींचं सर्व्हिसिंग झालं, प्रत्येक डब्यात थोडं थोडं तेल उरलं, ते एका डब्यात करून शेठच्या ड्रायव्हरने पप्पांना दिलं. "घ्या मामा, सिंथेटिक आहे. तुमच्या गाडीला असलं तेल सात जन्मात मिळणार नाय."

पप्पांनी तो डबा फडक्याने पुसून घरी आणला आणि टीव्हीशेजारी ठेवला. आई म्हणाली, "तेल आणलंय का गणपती?" ते हसले. बाजारातून घरी येणाऱ्या अशा गोष्टी मला नवीन नव्हत्या. शेठच्या मुलांची दप्तरं, शेठच्या सुनेची पर्स, मिठाईचा अर्धा बॉक्स. मला त्या आवडायच्या नाहीत, पण पप्पांना त्यात मान वाटायचा, आणि त्यांच्या मानात बोट घालायला मी कधी धजले नव्हते. खरं सांगायचं तर तेलाच्या वेळी मलाही बरं वाटलं. डबा भारी होता, रंग सोनेरी होता.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, गॅरेजमध्ये तेल बदलून घेतलं. त्यानंतर आठवडाभरात बाजाराच्या वाटेवरच्या पुलाच्या चढावर पहिल्यांदा ते झालं. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला, इंजिन ओरडलं, आणि गाडी मात्र पुढे जाईना. जणू मागून कुणी धरून ठेवली होती. न्हावा शेवा बंदराकडून आलेला कंटेनरचा ट्रेलर पाठीशी हॉर्न देत होता. पप्पा मागून म्हणाले, "गिअर टाक की खालचा." टाकला. इंजिन आणखी ओरडलं. आम्ही दोघं उतरून कडेने गाडी ढकलत पूल चढलो. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा सुरुवातीला सांगितलेला तो प्रसंग घडला.

गॅरेजवाल्याने क्लच उघडला, नव्या प्लेटा टाकल्या. त्यासाठी तेल काढावं लागलं, तर पप्पा म्हणाले, "नवंच तेल हाय, महागाचं. तेच घाल परत." त्याने तेल बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, एकदा पप्पांकडे बघितलं आणि तेच परत ओतलं. ते त्याचं बघणं मला तेव्हा कळलं नाही.

नव्या प्लेटांवरही गाडी चढावर घसरायला लागली. या वेळी गॅरेजवाला हसलाच. "काका, प्लेटा सोन्याच्या टाकल्या तरी काय होणार? चालवणारा बदला."

आणि पप्पांनी चालवणारा बदलला.

माझा चुलतभाऊ त्याच महिन्यात गावाहून, साताऱ्याकडून, काम शोधायला आमच्याकडे आला होता. रात्री जेवताना पप्पा म्हणाले, "उद्यापास्नं गाडी तो चालवंल. मला सोडंल, दिवसभर काम बघंल." मी म्हटलं, "आणि कॉलेज?" ते म्हणाले, "बस हायत की." मी म्हटलं, "मी क्लचवर बोटं ठेवत नाही, पप्पा. तुम्हीच शिकवलंय." ते म्हणाले, "गॅरेजवाला काय खोटं बोलंल?" भाऊ खाली मान घालून भात कालवत होता. त्याचा काही दोष नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

मी परत रिक्षा-बस-रिक्षा करायला लागले. पहिलं लेक्चर परत बुडायला लागलं. पण लेक्चरपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. खांदा धरलेल्या बापाला मी रोज मागे बसवून ट्रेलरच्या गर्दीतून नेत होते, तेव्हा माझ्यावर विश्वास होता. एका माणसाने गाडीला हात न लावता एक वाक्य टाकलं आणि तो विश्वास गेला. त्या माणसाला माझं चालवणं बघावंसंही वाटलं नव्हतं.

मग भाऊ चालवत असतानाही गाडी पुलावर घसरली. मला वाटलं, आता तरी. पण संध्याकाळी पप्पा आईला सांगत होते, "हिनं आधीच लावून ठेवलीय वाट. आता त्यो तरी काय करणार?" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. पोळपाटावरच लाटणं थांबलं. म्हणजे मी चालवली तर मी खराब करते, आणि दुसऱ्याने चालवली तर मी खराब केलेली असते. यातून सुटायचं कुठून?

मला वाटलं, क्लचची केबल ताणली गेली असेल. नवी केबल आणायला मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. माझ्या पुढे एक कुरिअरवाला उभा होता. तो एका कारच्या तेलाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते द्या, त्यावर ऑफर आहे." काउंटरवाल्याने विचारलं, "गाडी कुठली?" "बाईक." "मग नाय चालणार. कारचा क्लच बाहेर असतो, कोरडा. बाईकचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. कारचं तेल निसरडं, प्लेटा घसरणार." आणि त्याने मागे वळून दुसरा डबा काढला.

कुरिअरवाला पैसे देऊन गेला. मी तिथेच उभी राहिले. "ताई, तुम्हाला काय?" मी विचारलं, "बाईकचं तेल ओळखायचं कसं?" त्याने डबा उलटा करून मागचा बारीक चौकोन दाखवला. त्यात एम. ए. अशी दोन अक्षरं होती. "हे असलं पायजे. नसलं तर हात लावायचा नाय." मी केबल घेतलीच नाही.

घरी आल्या आल्या बाल्कनीत गेले. शेठच्या ड्रायव्हरचा डबा आईने फिनाइल भरायला ठेवला होता. मागची बाजू सगळी वाचली. दुचाकीचं नाव कुठे नव्हतं, एम. ए. कुठे नव्हतं. पुढे मात्र कारचं चित्र होतं, चांगलं हाताएवढं. दसऱ्यापासून तो डबा घरात होता आणि ते चित्र आम्हा कुणालाच खटकलं नव्हतं.

आता हे पप्पांना सांगायचं होतं. मला राग आलेला होता, तरी जीभ उचलेना. मी बरोबर ठरणार म्हणजे शेठच्या गाडीचं तेल चूक ठरणार होतं, आणि तो डबा पुसतानाचा पप्पांचा चेहरा मला आठवत होता. शेवटी ते चहा पीत असताना मी डबा समोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं महागाचं तेल, आन् वाईट?"

"वाईट नाही. कारसाठी चांगलं आहे. आपल्या गाडीसाठी नाही. आपल्या तेलावर एम. ए. लिहिलेलं असतं."

"बघा," पप्पा आईला म्हणाले, "हिच्या आधी तेल एम. ए. झालं."

आई हसली. मी हसले नाही. "पप्पा, त्यांनी मनाने दिलं असेल. पण त्यांना स्वतःला नको होतं म्हणून दिलं. आपल्याला काय लागतं ते बघून नाही दिलं." हे बोलल्यावर मला वाटलं, जास्त झालं. पप्पांनी कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी नवं तेल आणि फिल्टर घेऊन मी भावाला गाडी गॅरेजवर आणायला लावली. पप्पाही आले. मी गॅरेजवाल्यासमोर जुना डबा धरला.

"हे तेल कारचं आहे. तुम्हाला माहीत होतं?"

त्याने डब्याकडे बघितलंही नाही. "माहीत होतं ना, ताई. हात लावला की कळतं."

"मग घातलं का?"

"काका बोलले घाल, मी घातलं. गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? मी बोललो असतो तर काका बोलले असते, तुला स्वतःचं तेल खपवायचंय."

"ते ठीक. पण क्लच मी घालवला असं का म्हणालात?"

"ते काय, असंच." तो पाना शोधत होता. "बोलतो माणूस."

असंच. माझं कॉलेज, माझी गाडी, घरातली माझी किंमत, सगळं त्या एका शब्दात बसत होतं. तेल चुकीचं आहे हे त्याला माहीत होतं. म्हणजे 'चालवणारा बदला' म्हणताना मी दोषी नाही हेही माहीत होतं. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नव्हतं म्हणून त्याने माझ्यावर खापर फोडलं, आणि त्यात काही केलं असं त्याला वाटतही नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यासमोर पप्पांना सांगा, तिची चूक नव्हती." तो हसला. "सॉरी मॅडम, बस?" भाऊही हसला. पप्पा हसले नाहीत.

तेल पूर्ण काढलं. फिल्टरमध्ये जुनं तेल मुरलेलं असतं, म्हणून तोही बदलायला मी लावला. गॅरेजवाला म्हणत होता, गरज नाय. प्लेटा पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून परत बसवल्या. नवं तेल ओतताना मी त्याच्या हाताशी उभी राहिले. भाऊ गाडी पुलावर फिरवून आणायला गेला. आला आणि म्हणाला, "काका, आता नुसती पळतीय. सरळ चढली."

पप्पांनी किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "घे. आता नीट चालव."

मी हात पुढे केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पप्पांनी दिलेली गोष्ट घेतली नाही.

"नीटच चालवत होते," मी म्हटलं.

"बरं बाई. घे की."

"आधी तसं म्हणा."

"काय म्हणू?"

"मी क्लच खराब केला नव्हता, असं."

गॅरेजवाल्याच्या पान्याचा आवाज थांबला. भाऊ रस्त्याकडे बघायला लागला. पप्पांनी इकडेतिकडे बघितलं, खांदा चोळला. मला वाटलं, आता चिडतील. चार लोकांत बापाला असं बोलायला लावणं आमच्याकडे होत नाही.

"न्हवता केलास," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की फक्त मला ऐकू आला असेल. मग त्यांनी घसा साफ केला आणि गॅरेजवाल्याकडे तोंड करून, बाजारात ट्रकवरच्या माणसाला हाक मारतात तेवढ्या आवाजात म्हणाले, "हिनं न्हवता केला. मी घाल म्हणलो आन् तू घातलंस. दोघांचं हाय ते."

गॅरेजवाला पाना घेऊन परत कामाला लागला. मी किल्ली घेतली. पप्पा मागे बसले, आणि आम्ही पुलाच्या दिशेने निघालो.