साक्षीदाराच्या शब्दासाठी उभे राहिलेले वाईकर मास्तर

सांगलीहून साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी रुजू झालो, त्या दिवशी मधल्या सुट्टीत एक उंच, काटक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. नावगाव विचारण्याआधीच म्हणाले, "परहॅप्सला मराठीत काय म्हणाल?"

"बहुधा," मी म्हणालो.

"बहुधा म्हणजे मन एका बाजूला कललं. ते प्रॉबेबली. परहॅप्स म्हणणाऱ्याचं मन कललेलं नसतं, त्याला ठाऊकच नसतं. आणि साहेबानं 'परहॅप्स दार लावलेलं बरं' म्हटलं, तर मात्र मुकाट्यानं उठून दार लावायचं!"

श्री. नारायणराव वाईकर यांची माझी ओळख झाली ती अशी. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी खोली पाहून दिली. पुढे मला विषमज्वर झाला, तेव्हा वहिनींनी केलेली पेज ते रोज स्वतः घेऊन येत. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेली मुले आज वकील आहेत, फौजेत आहेत. ती आपापल्या आठवणी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते एकाच प्रसंगाविषयी. तो आठवला की आजही अंगावर काटा येतो.

युद्धाचे दिवस होते. लोणंदला धान्याच्या एका गोदामाला आग लागली आणि तिथले कारकून रघुनाथराव आत जळून गेले. ते मास्तरांचे मेहुणे, धाकट्या बहिणीचे, यमुताईंचे यजमान. कामावरून काढलेल्या एका हमालाला पोलिसांनी धरले. खटला साताऱ्याला उभा राहिला. गुन्हा शाबीत झाला तर फाशीच होती.

त्या दिवशी मास्तर, यमुताई आणि मी कोर्टात एकाच बाकावर बसलो होतो. उंब्रजकडचे एक पेन्शनर हवालदार साक्षीला उभे होते. गोदामामागून पळताना पाहिलेला माणूस हाच का, असे त्यांना विचारले गेले.

हवालदार म्हणाले, "त्यो असंल जी."

न्यायाधीशांना मराठी येत नव्हते. दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, "तो नक्कीच हाच होता." न्यायाधीश लिहू लागले. आरोपीच्या वकिलांचेही तिकडे लक्ष नव्हते.

आणि माझ्या शेजारून मास्तर उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, "हुजूर, क्षमा असावी. साक्षीदार नक्की म्हणाले नाहीत. त्यांच्या शब्दाला इंग्रजीत परहॅप्स म्हणतात."

सरकारी वकील ताडकन वळले. "हे कोण? आरोपीचे नातलग?"

"नाही. जे जळून गेले, ते माझे मेहुणे. ही त्यांची पत्नी, माझी बहीण."

इंग्रजी न कळणाऱ्या यमुताईंना मागच्या कुणीतरी अर्थ सांगितला. त्यांच्या तोंडून "दादा!" एवढेच निघाले.

न्यायाधीशांनी मास्तरांना कडक शब्दांत समज देऊन खाली बसवले. मग दुभाष्याकरवी पुन्हा प्रश्न विचारला, खात्री आहे का?

"आवं, खातरी कशी देऊ? धूर लय हुता," हवालदार म्हणाले. "आंगकाठी तशी दिसली. त्यो असंल, न्हाई बी असंल."

दुसरा पुरावा नव्हता. हमाल सुटला. आग कोणी लावली, हे अजूनही कळलेले नाही.

कोर्टाबाहेर यमुताईंचे दीर मास्तरांच्या अंगावर धावून गेले. यमुताई मान वळवून दिरांबरोबर फलटणला, सासरी निघून गेल्या. पुढे भाऊबीजेला मास्तर फलटणला जात, ओसरीवर बसत आणि कोणी बाहेर येत नाही असे पाहून परतत. शाळेत याविषयी ते अवाक्षर काढत नसत.

एका वर्षी मी बरोबर गेलो. त्या दिवशी यमुताई बाहेर आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, एवढं सांग. त्या माणसाची दया आली तुला?"

"नाही गं. तोच असावा, असं मला तेव्हाही वाटत होतं. आजही वाटतं."

मी थक्क होऊन मास्तरांकडे पाहत राहिलो. इतकी वर्षे मी समजत होतो की त्यांना तो माणूस निर्दोष वाटला असेल!

"मग का उठलास?" यमुताईंनी विचारले.

"मला वाटलं म्हणून हवालदारांनी पाहिलं, असं होत नाही. रघुनाथरावांसाठी कुणाला फाशी व्हायची, तर ती साक्षीदार बोललाच नाही अशा शब्दावर नको."

यमुताई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आत ये. पाट मांडते."

त्या क्षणी मास्तर रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच काय ते पाहिले.

आता मास्तर सेवानिवृत्त होऊन सांगलीला राहतात आणि यमुताईही त्यांच्याच घरी असतात. सकाळी दोघे भावंडे कृष्णेच्या घाटावर जातात आणि वाटेत भाजीवरून भांडतात. मास्तरांच्या पायांत बळ राहो, डोळ्यांना वाचता येवो आणि ही भांडणे आम्हांला पुढची कितीतरी वर्षे ऐकायला मिळोत, हीच त्यांच्या साठीला आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा.