मापाड्याच्या मुलीचं वाक्य

निजामी संपल्यावर काही वर्षांनी मी कळंबच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. नवीन क्रियापद आलं की प्रत्येकानं त्यावर आपल्या घरातलं एक खरं वाक्य करायचं आणि चांगलं वाक्य साऱ्या वर्गानं मोठ्यानं म्हणायचं, अशी माझी पद्धत होती. तिचा मला अभिमानही होता.

त्या दिवशी क्रियापद होतं 'बीट', म्हणजे मारणं. कुणी बैलाला मारलं, कुणी धाकट्या भावाला. मग आडत बाजारातल्या एका मापाड्याची मुलगी उभी राहिली. वर्गात तीच सगळ्यांत हुशार. ती म्हणाली, "माय फादर बीट्स माय मदर."

वाक्यात एकही चूक नव्हती. मी हरखून गेलो. "शाब्बास! म्हणा रे सगळे!" पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, कौतुकानं लाजली.

संध्याकाळी पोरं बाजारात तिच्या वडिलांच्या मागं तेच ओरडत हिंडली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा एका पोरानं तो बरोबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले.

"गुर्जी, लई शिकली. आता नाव काढा पोरीचं."

"हुशार आहे हो, शिकू द्या तिला."

"घरातलं चव्हाट्यावर मांडायला शिकवता, व्हय?"

मी हजेरीपट उघडला. तिचं नाव काढलं. त्या माय-लेकींवर पुढं काय गुदरलं, हे विचारायला त्यांच्या घरी जायचं धाडस माझं कधीच झालं नाही.