सरांचा चोरटा वर्ग

आमच्या गल्लीतल्या सरांनी घोषणा दिली, की कळंब्याच्या तळ्यावरचे बगळे उडायचे. शिक्षक संघटनेला त्यांच्यामुळं कधी लाऊडस्पीकर भाड्यानं आणावा लागला नाही. सरांनी बायकोकडं चहा मागितला, तर शेजारच्या चार घरांत आधण चढायचं.

त्या वर्षी सरकारनं शाळांचं अनुदान कापलं, तुकड्या बंद केल्या. ऐन दहावीच्या तोंडावर सरांनी संप पुकारला आणि जो वर्ग घेईल त्याची गाढवावरून धिंड काढू, असं गरजले.

आठवड्यात बातमी फुटली, की कुणीतरी पहाटे तालमीत फौंड्री कामगारांच्या पोरांना शिकवतंय. खासगी शिकवणी त्यांना कुठली परवडायला? फितूर पकडायला संघटनेचे चौघे निघाले. गंमत बघायला मीही गेलो. शोधावं लागलंच नाही; भूमितीचा सिद्धांत दोन चौक अलीकडंच ऐकू आला.

कुस्तीच्या हौद्याभोवती पोरं बसलेली आणि सर तांबड्या मातीत काठीनं त्रिकोण काढत होते.

"सर, तुम्हीच?" चौघांतले इंग्रजीचे मास्तर म्हणाले. "बाहेर कळलं तर संप फुटला म्हणतील."

"संप शाळंत हाय. ही तालीम हाय," सर कुजबुजले. वरचा पत्रा थरथरला. "सरकार परीक्षा काय पुढं ढकलणार न्हाय. आनी मला इंग्रजी येत न्हाय. आलाईसा तर घ्या की."

मास्तरांनी दाराबाहेर चपला काढल्या. मग जरा विचार करून त्या पिशवीत घातल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.