गादीवाल्या चाचांचं गाळाभाडं

गादीवाले चाचा आपल्या कार्डाचा पिन आधी मोठ्यानं म्हणायचे आणि मग मशीनवर दाबायचे. रांगेतल्या निम्म्या लोकांना तो पाठ झाला होता. "चाचा, असा नंबर कुणाला ऐकू जाऊ द्यायचा नसतो," असं मी खिडकीतून म्हटलं, की ते मागं वळून रांगेकडं बघत. "हितं सगळी आपलीच हाईत. चोरणारा रांगेत उभा ऱ्हात न्हाय, बाई."

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात भरणा खिडकीवर होते. कार्यालयाच्या मालकीचे काही गाळे भाड्यानं दिलेले होते. त्यातला एक चाचांकडं, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांकडं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हा घरचा धंदा. चाचा आले की त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाची लव असायची. एकदा मी ती दाखवली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एवढंच पांढरं हाय, दाढी तर मेंदीनं रंगवलीया."

गिऱ्हाइकाला ते झोपेबद्दल विचारायचे. कुशीवर झोपता की पाठीवर, कंबर दुखते का, घरात म्हातारं कोण आहे. माझ्या सासूबाईंसाठी गादी करायला सांगितली, तेव्हा ते घरी येऊन त्यांच्याशी तासभर बोलत बसले आणि कापूस कमी घातला. "जाड गादीत म्हातारं माणूस रुततंय. उठायला दुसऱ्याचा हात लागतोय. पातळ असली की आपलं आपण उठतंय." सासूबाई शेवटपर्यंत त्या गादीवरून आपल्या आपण उठल्या.

रोख भरणा बंद झाला, आता फक्त कार्ड किंवा मोबाईल, असा आदेश आला तेव्हा बरेच गाळेवाले चिडले. चाचा चिडले नाहीत. बँकेत जाऊन कार्ड घेऊन आले. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका महिन्यात त्यांनी पिन दाबला, मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि चिठ्ठी आली : व्यवहार अयशस्वी. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज होता.

"येतील परत दोन-चार दिवसांत," मी म्हणाले. "तोवर पुन्हा एकदा भरता का?"

"एकदा भरलंय की."

दोन-चार दिवसांत पैसे आले नाहीत. बँक म्हणाली, आमच्याकडून गेले. कार्यालयाच्या पडद्यावर दिसत होतं, आले नाहीत. मी चाचांना सांगितलं, की ते मधेच कुठंतरी अडकलेत.

"मधी म्हंजे कुठं? शिरोली नाक्यावर? सांग, रिक्षा करून जातो आणि घिऊन येतो."

मी हसले. तेव्हा हसू येत होतं. पुढच्या महिन्यात ते भाडं भरायला आले, तर मशीन घेईना. मागची बाकी भरल्याशिवाय पुढचं भाडं घ्यायचंच नाही, अशी त्याची रचना होती. बाकीवर दंड चढायला लागला. मी साहेबांकडं गेले. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी माझ्यासमोर मशीनच्या कंपनीला फोन लावला, कानाला धरून बराच वेळ वाट बघितली, आणि शेवटी फोन खाली ठेवून म्हणाले, "नोंद दिसल्याशिवाय मी तरी काय करू, सांगा." मी वर अर्ज पाठवला. तो पोचला, एवढं उत्तर आलं.

शेवटी मी चाचांना म्हणाले, "माझ्या कार्डावरून भरते. तुमचे आले की द्या."

त्यांनी मान हलवली. "तू भरलंस तर मी बुडवलंतं असंच हुईल. चाळीस वर्सात आमचं भाडं कधी चुकलं न्हाय. एकदा भरल्यालं दुसऱ्यांदा भरू, मग पयलं खोटं हुतं का?"

त्यांच्या धाकट्या भावानं समजावलं, मशिदीतल्या लोकांनी समजावलं. चाचा बँकेत जात, आमच्याकडं येत, परत बँकेत जात. कुणावर आवाज चढवला नाही. मोठ्यानं बोलणारा तो माणूस खिडकीशी हळू बोलायला लागला, तेव्हा मला भीती वाटली.

थकबाकीपायी गाळा सील करायला आमच्या कार्यालयाचं पथक गेलं, त्या दिवशी मी मुद्दाम तिथं गेले. माझ्या असण्यानं काही थांबणार नव्हतं. आत पेठ वडगावच्या एका मुलीच्या लग्नाची गादी शिवून तयार होती. चाचा म्हणाले, "तेवढी काढू द्या. ती माझी न्हाय, त्यांची हाय." पंचनामा झाला होता, आतली वस्तू आता बाहेर काढता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. मग शटर अर्ध्यावर अडलं. पथकातले दोघं लोंबकळले तरी खाली येईना. चाचा पायरीवरून उठले, "डावीकडनं दाबावं लागतंय," म्हणाले आणि त्यांनीच ते खाली ओढलं.

मुलीच्या वडलांना त्यांनी घरी बसून दुसरी गादी शिवून दिली. पैसे घेतले नाहीत. नंतर भावाकडं हातकणंगल्याला राहायला गेले. काही महिन्यांनी गाळ्याचा लिलाव झाला, तिथं मोबाईलची कव्हरं विकणारा आला. आणि मग एका सकाळी चाचांच्या भावाचा मला फोन आला : पैसे परत आले. कुणी पाठवले, का पाठवले, काही नाही. जेवढे गेले होते तेवढे.

रविवारी मी एसटीनं गेले. चाचा ओट्यावर बसले होते. भुवया स्वच्छ होत्या. तिथं कापूस नव्हता. चाचींनी चहा आणला. माझ्या मुलाची चौकशी झाली. मग मी म्हणाले, "चाचा, आले ना शेवटी पैसे. तुमचं खरं होतं."

त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

"परत आलं म्हंजे हापिसनं घेतलंच न्हाय असं झालं की, बाई," ते म्हणाले. "आता कुठंबी बघितलंस तरी मी भरलं न्हाय असंच दिसणार."

त्यांचंच बरोबर होतं. आमच्या पडद्यावर अजूनही तसंच दिसतं.