पाच वाटे

रोजचा तास मुलांना तारतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. आठवड्यातून एकदा बसवून घेऊन जे होत नाही, ते रोज दीड तासात होतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. लांज्याजवळच्या एका हायस्कुलात नववीच्या पाच मुलींनी मला ते दाखवलं. त्यातल्या एकीचं मी काय केलं, ते मात्र गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी तिथे गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. पुढच्या वर्षी नववीत पाच मुली अशा निघाल्या, की अपूर्णांक म्हटलं की खाली बघायच्या. पाचही जणींच्या आया काजूच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी मुलीही तिथेच. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडलेली, म्हणून वही पुढे केली की हात लगेच मागे. मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि शाळा भरायच्या आधी, साडेआठ ते दहा, त्यांना घेऊन बसू लागलो. रविवार सोडून रोज.

'क्ष' काही त्यांच्या गळी उतरेना. एक दिवस वैतागून म्हटलं, "क्ष सोडा. बाजारात मांदेली मासळी कशी विकतात?"

"वाट्यांनी!" पाचही एकदम.

"मग आपणही वाटे घालू, सारखे ढीग."

त्या दिवसापासून आमचं गणित वाट्यांवर चाललं. एक संख्या दुसरीच्या चौपट, म्हणजे एकीचे चार वाटे, दुसरीचा एक, मिळून पाच. लिहायचं नाही, तोंडी सांगायचं. दिवाळीपर्यंत पाचही जणी वर्गात पहिल्या येणाऱ्या, डॉक्टरांच्या मुलाआधी उत्तर देऊ लागल्या. सगळ्यांत तेज ती, जिच्याविषयी हे लिहितोय. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर तयार.

"जरा कठीण घाला की, सर. हे काय, घरात बसून मांदेली वाटल्यासारखं."

पायऱ्या लिहायला शिकवायचं मी पुढे ढकलत गेलो. बाकीच्या चौघी वर्गात फळ्यावर बघून शिकल्या. हिला गरजच वाटली नाही, आणि मला तिची ती चपळाई इतकी आवडायची की मीही कधी टोकलं नाही.

एप्रिलात मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना बोलावलं. "दहावीचा निकाल तीन वर्षं शंभर टक्के आहे. नववीत नापास होतील त्यांना दाखला द्या. बाहेरून बसतील, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्यांचंही वर्ष वाचतं." बाहेरून बसलेल्यांचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, हे खरं. पण ती सबब मी सांगणार नाही.

दोन दिवसांनी तिचा पेपर माझ्या हातात आला. आई व मुलगी यांच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस, चार वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या चौपट होते, तर आजची वये काढा. तिने लिहिलं होतं, '४० चे ५ वाटे. १ वाटा ८. मुलगी १२, आई ३६.'

उत्तर अचूक. चारपैकी मी एक गुण दिला, कारण पायऱ्या नव्हत्या. पूर्ण पेपरची बेरीज केली, तर पास व्हायला दोन गुण कमी. दुसऱ्या कुणी तपासला असता तर त्याला ते वाटे कळले नसते. मला कळत होते, मीच शिकवले होते. लाल पेन हातात धरून बराच वेळ बसलो आणि तो एक तसाच ठेवला. ही बोर्डातही असंच लिहिणार आणि शंभर टक्क्यांचा निकाल माझ्या विषयामुळे हुकणार, एवढंच डोक्यात होतं.

तिच्या आईला सांगायलाही मीच गेलो. कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून म्हटलं, "वर्ष वाचेल तिचं."

"तुमी सांगताव म्हंजे बरोबरच असंल," ती म्हणाली. "पण सकाळी शिकवणार तुमीच ना?"

"मीच."

"मग झालं तर."

पुढचं वर्षभर ती रोज आली. आता मी पायऱ्यांशिवाय तिला बोलूच देत नव्हतो. साडेदहाची घंटा झाली की चौघी दहावीच्या वर्गात जात, आणि ती वही पिशवीत घालून फाटकाबाहेर पडे. पास झाली. गणितात चौघींच्या वर. मला पेढा द्यायला घरी आली, आणि मी तो खाल्ला.

आज ती आमच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. गेल्या महिन्यात रक्तदाब बघायला गेलो.

"वाढलाय, सर. कसलं टेन्शन घेता आता या वयात?"

पट्टा दंडावर असतानाच मी सगळं सांगून टाकलं. पेपर, दोन गुण, फाटकाशी बोललो ते.

पट्टा सोडता सोडता तिचा हात थांबला. "गणित कुठलं होतं?"

मी सांगू लागलो. पुरं व्हायच्या आत तिने उत्तर दिलं, "बारा नि छत्तीस." आणि विचारलं, "मग चुकलं कुठे होतं?"

"चुकलं नव्हतं."

बाहेर बाकावर दोन बायका बाळं घेऊन थांबल्या होत्या. तिने शांतपणे माझा आकडा नोंदवहीत लिहिला.

"दहावीच्या वर्गाचा फोटो त्या चौघींच्या घरी भिंतीवर आहे. माझी पोरगी विचारते, आई, तू कुठे यात? मी सांगत आले, मी ढ होते, म्हणून बाहेरून बसवलं."

मी शर्टाची बाही खाली ओढली.

"आणि तुम्ही आज नुसतं उत्तर सांगितलंत, सर. पायऱ्या नाहीत. याचे चारपैकी एकच गुण." ती हसली नाही. "सगळं नीट लिहून आणा. पोरीला वाचायला देते. आणि मीठ कमी करा."

हे लिहून झालंय. उपकेंद्र सकाळी साडेआठला उघडतं.